शंकासमाधान : चाती, ट्रॅव्हलर आणि पीळ

सूतगिरणीतील यंत्रांची ओळख करून देणारा लेख मागील अंकात आला, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकट्या चातीविषयी, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या सळईविषयी, आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून पुढील पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे.

प्रश्न : रिंग फ्रेमवर (गिरणीतील सूत कातण्याच्या यंत्रावर) चाती ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ट्रॅव्हलरही फिरतो. मग सूत बॉबिनवर गुंडाळले जाते ते कसे? आणि पीळ नेमका कोण देतो, चाती की ट्रॅव्हलर? आमच्या वर्गात यावरून दोन तट पडले आहेत. (वस्त्रतंत्र पदविकेचा विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : दोन्ही तटांकडे अर्धे अर्धे उत्तर आहे. ट्रॅव्हलरला स्वतःची गती नसते. रिंगच्या कडेवर अडकवलेली ती पोलादी तारेची इवलीशी कडी आहे, आणि बॉबिनवर जाणारे सूत तिला ओढत नेते, म्हणून ती फिरते. शक्ती येते ती चातीकडून. परंतु पुढच्या रुळांच्या चिमटीतून बाहेर पडलेल्या तंतूंना पीळ बसतो तो ट्रॅव्हलरच्या फेऱ्यांनी, कारण सुताचे वरचे टोक रुळांत पकडलेले असते आणि खालचे टोक ट्रॅव्हलरबरोबर चातीभोवती फिरत असते. ट्रॅव्हलरची एक फेरी म्हणजे सुतात एक पीळ.

गुंडाळण्याचे काम मात्र या दोघांच्या गतीतील फरकावर चालते. ट्रॅव्हलरला रिंगवर घर्षण होते, फुग्यासारख्या फिरणाऱ्या सुताला हवेचा अडथळा होतो, त्यामुळे ट्रॅव्हलर चातीच्या किंचित मागे पडतो आणि जेवढा मागे पडतो तेवढे वेढे बॉबिनवर बसतात. तो मागे पडला नाही तर सूत गुंडाळलेच जाणार नाही. किती मागे पडायचे हे तो स्वतः ठरवत नाही. पुढचे रूळ दर मिनिटाला जेवढी लांबी सोडतात तेवढी बॉबिनवर गेलीच पाहिजे, म्हणून फरक आपोआप तेवढाच राहतो.

आकड्यांत पाहू. ४० नंबरचे (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक) ताण्याचे सूत आहे आणि पिळाचा गुणक ४ धरला आहे. ४० चे वर्गमूळ ६.३२, त्याला चाराने गुणले की इंचाला २५.३ पीळ येतात. चाती मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल तर १८,००० भागिले २५.३, म्हणजे मिनिटाला ७११ इंच, सुमारे १८ मीटर सूत बाहेर पडते. बॉबिनचा भरत असलेला भाग शंकूच्या आकाराचा असतो. त्याच्या निमुळत्या टोकाशी व्यास २० मिलिमीटर आणि रुंद बाजूला ३६ मिलिमीटर धरला, तर ही लांबी गुंडाळायला टोकाशी मिनिटाला सुमारे २८७ वेढे लागतात आणि रुंद बाजूला १६०. रिंगा बसवलेली पट्टी, म्हणजे रिंग रेल, वर-खाली होते तसा ट्रॅव्हलर या दोन मर्यादांमध्ये वेग बदलत राहतो. तो कधीही एका वेगाने फिरत नाही.

आता चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, पीळ ट्रॅव्हलरच्या फेऱ्यांनी बसतो आणि ट्रॅव्हलर चातीपेक्षा कमी फिरतो, तर सूत्रात चातीचे फेरे का घ्यायचे? याचे कारण पुढच्या खात्यात सापडते. बॉबिनवरचे सूत वाइंडिंगच्या, म्हणजे मोठ्या गुंडीवर भरण्याच्या, वेळी टोकावरून उचलले जाते, बॉबिन फिरवून उलगडले जात नाही. टोकावरून उलगडताना प्रत्येक वेढ्यामागे सुतात एक पीळ वाढतो. जेवढे वेढे गुंडाळताना पीळ कमी पडला होता तेवढाच येथे भरून निघतो. परीक्षेत ‘पीळ बरोबर चातीचे फेरे भागिले सोडलेली लांबी’ असे निःशंक लिहावे, पण त्यामागचा हा हिशेब लक्षात ठेवावा.

जाता जाता आणखी एक गणित, कारण ते वर्गात क्वचितच करून दाखवतात. ४० मिलिमीटरच्या रिंगवर या वेगाने धावणारा ट्रॅव्हलर सेकंदाला ३७ मीटरांहून अधिक, म्हणजे ताशी सुमारे १३४ किलोमीटर पळत असतो. त्याचे वजन तीसेक मिलिग्रॅम धरले, तरी केंद्रोत्सारी बलामुळे तो रिंगवर दोनशे ग्रॅमहून अधिक भार टाकतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे सात हजार पट. एवढ्या दाबाखाली लोखंडावर लोखंड घासल्याने जी उष्णता निर्माण होते, ती या कडीच्या चिमुकल्या देहातून बाहेर जायला वाटच पुरेशी नसते. सेकंदाला ४० मीटरांच्या आसपास रिंग स्पिनिंगची गती अडते ती येथे. चाती त्याहून वेगाने फिरू शकते, पण ट्रॅव्हलर जळतो.

प्रश्न : मी पेटी चरख्यावर सूत कातते. त्यात सूत चातीच्या टोकावरून निसटत राहते आणि पीळ बसतो. अंबर चरख्यावर मात्र असे निसटणे दिसत नाही. दोहोंतील चाती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत का? (खादी संस्थेत सूत कातणारी, वर्धा)

उत्तर : ताई, आपले निरीक्षण अचूक आहे आणि यंत्रमहर्षी म्हणवणाऱ्यांनाही ते अनेकदा सुचत नाही. पेटी चरख्यात आपण सूत चातीशी तिरप्या कोनात धरता. चातीचा प्रत्येक फेरा सुताला एकदा गुंडाळू पाहतो, पण कोन असा असतो की वेढा टोकावरून घसरून जातो आणि मागे फक्त पीळ उरतो. हात लांब गेला, पुरेसा पीळ बसला, की आपण चाक थोडे उलटे फिरवून टोकाजवळचे वेढे उकलता, सूत चातीशी काटकोनात आणता आणि मग ते गुंडाळता. पीळ देणे आणि गुंडाळणे ही दोन कामे आपण एकामागून एक करता. जेव्हा गुंडाळता तेव्हा कातणे थांबलेले असते.

इंग्लंडमध्ये १७६० च्या दशकात हारग्रीव्ह्जने केलेली जेनी आणि १७७९ मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टनने तयार केलेला म्यूल या कताईयंत्रांतही हाच क्रम होता. म्यूलच्या गाड्यावर शेकडो चात्या बसवलेल्या असत. गाडा दीड मीटरच्या आसपास बाहेर येई, त्या वेळी पीळ बसे, मग चात्या थोड्या उलट्या फिरत आणि गाडा आत जाताना सूत गुंडाळले जाई. आपला हात जे करतो तेच तो गाडा करत असे.

अंबर चरख्यात चातीभोवती रिंग असते आणि रिंगवर ट्रॅव्हलर असतो. सूत टोकावरून निसटत नाही. ते ट्रॅव्हलरमधून वळून बॉबिनच्या बाजूवर जाते आणि पीळ व गुंडाळणी एकाच वेळी चालू राहतात. शिवाय पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या वळीतून) तंतू ओढून बारीक करण्याचे जे काम आपली बोटे करतात ते तेथे रुळांच्या जोड्या करतात. म्हणजे अंबर चरखा हा गिरणीतील रिंग फ्रेमचाच हाताने फिरवायचा लहान अवतार आहे. गिरणीतल्या यंत्राचेच तत्त्व गिरणीला पर्याय म्हणून पुढे यावे, ही गंमत मला नेहमी विचार करायला लावते.

या चरख्यामागे जुना शोध आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अट अशी की, तो खेड्यातील घरात चालवता यावा, दीडशे रुपयांपेक्षा महाग नसावा आणि आठ तासांत १६,००० फूट सूत द्यावे. ते बक्षीस कोणाच्याही पदरात पडले नाही. त्यानंतर गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात पेटी चरख्यावर काम केले, म्हणून त्याला येरवडा चक्र असेही नाव पडले. पण त्यातील चाती जुन्या पद्धतीचीच राहिली. तामिळनाडूतील एकांबरनाथन यांनी रिंग आणि ट्रॅव्हलर लावलेला चरखा सिद्ध केला आणि १९५० च्या दशकात त्याचा प्रसार झाला. त्यांच्याच नावातील ‘अंबर’ या चरख्याला मिळाले.

उत्पादनाची तुलना करायची तर माझा सल्ला असा की फक्त चातीच्या वेगाकडे पाहू नये. पेटी चरख्यावर चाती थांबून थांबून काम करते आणि वेळ जातो तो या थांबण्यात.

प्रश्न : रिंगचा शोध १८२८ मधला आहे असे वाचले. मग तिचा सर्वत्र स्वीकार व्हायला अर्धे शतक का लागले? आणि आमच्या एम्प्रेस मिलने ती लवकर घेतली हे खरे का? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : जॉन थॉर्प या अमेरिकनाने १८२८ मध्ये रिंगचे पेटंट घेतले आणि ट्रॅव्हलर लगोलग त्यापाठोपाठ आला. अडचण रिंगची नव्हती, चातीची होती. लांब सळई, तिच्यावर बॉबिन, बॉबिनवर सूत, आणि हे सारे ताठ धारव्यांमध्ये (बेअरिंगमध्ये) पकडलेले. बॉबिनचे वजन सर्व बाजूंनी कधीच सारखे नसते. सळई ठरावीक अक्षाभोवतीच फिरायला बांधलेली असेल तर हा असमतोल तिला हादरे देतो आणि वेग वाढला की हादरे वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतात. परिणामी मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढे जाणे कठीण होते.

१८७१ च्या सॉयर चातीत आधार वर, बॉबिनच्या पोटात नेला गेला. नंतर त्याच दशकात रॅबेथची चाती आली आणि तिने प्रश्न उलटा करून सोडवला. तिच्यात वरचा आधार ताठ न ठेवता तेलाने भरलेल्या नळीत थोडा सैल बसवला होता, जेणेकरून वेग वाढल्यावर चाती आपला गुरुत्वमध्य शोधून त्याभोवती फिरू लागेल. असमतोल नाहीसा करण्याऐवजी चातीला त्याच्याशी जुळवून घेण्याची मुभा दिली गेली. त्यानंतर दहा हजार फेरे सहज शक्य झाले. आजच्या चात्यांतही वर रोलर बेअरिंगचा आधार (बोल्स्टर), खाली टोकाचा आधार (फूटस्टेप) आणि मध्ये हादरे शोषणारी स्प्रिंग किंवा तेलाचा थर असतो. मांडणी बदलली, पण कल्पना तीच आहे.

एम्प्रेस मिलविषयी आपण ऐकले ते खरे आहे. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि १८८० च्या दशकात तिने रिंग चात्यांचा प्रयोग केला, ज्या काळी इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये म्यूलवरचा विश्वास अढळ होता. लँकेशायरने पुढेही म्यूल बराच काळ सोडला नाही. तेथे कुशल म्यूल चालवणारे कामगार होते, बारीक नंबरचे सूत होते आणि आधी घातलेले भांडवल होते. येथे जाड नंबरचे सूत लागे आणि रिंगवरचा कामगार लवकर तयार होई. निवडीची कारणे अशी साधी होती.

प्रश्न : माझे २४ यंत्रमाग आहेत. गिरणीकडून आलेल्या काही कोनांतील (शंकूच्या आकाराच्या गुंड्यांतील) सुताचा पीळ कच्चा निघतो आणि कापडात आडव्या पट्ट्या पडतात. रंगवल्यावर त्या अधिकच उठून दिसतात. गिरणीवाले सांगतात की त्यांची मशीन ठीक आहे. दोष कुठे असू शकतो? (यंत्रमागधारक, मालेगाव)

उत्तर : मशीन ठीक असेल, पण मशीनवर हजारभर चात्या असतात आणि त्यातील एकही चाती मंद फिरू लागली की तिचे सूत मऊ होते. रूळ सर्व चात्यांना सारखीच लांबी देतात, त्यामुळे नंबर बरोबर राहतो, पीळ तेवढा कमी होतो. म्हणून नंबर तपासणाऱ्या प्रयोगशाळेला हा दोष दिसत नाही. वरचेच उदाहरण घ्या. १८,००० ऐवजी चाती १६,२०० फेरे घेत असेल तर इंचाला २५.३ ऐवजी २२.८ पीळ बसतील. ते सूत तुटेलच असे नाही, पण किंचित फुगीर दिसेल आणि रंगही वेगळा घेईल. बाण्यात त्याची एक बॉबिन गेली की पट्टी पडली.

चाती मंद होण्याची कारणे मी गिरण्यांत स्वतः पाहिली आहेत ती सांगतो. टिन रोलरवरून, म्हणजे चात्यांना गती देणाऱ्या लांब रुळावरून, येणारा टेप (पट्टा) जुना होऊन ढिला पडतो, किंवा त्याचा ताण राखणारी जॉकी पुली अडकते. चातीच्या खालच्या पुलीवर कापसाचे तंतू गुंडाळले जाऊन तिचा व्यास वाढतो आणि फेरे कमी होतात. गुडघ्याने दाबायचा ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि चातीला घासत राहतो. तेल संपते. बॉबिन चातीवर घट्ट बसत नाही, त्यामुळे चाती पूर्ण वेगाने फिरते आणि बॉबिन मागे राहते. हे शेवटचे कारण सर्वांत फसवे, कारण चाती तपासली तर ती निर्दोष निघते.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. एक टेप साधारणपणे चार चात्या फिरवतो, त्यातील दोन मशीनच्या या बाजूला आणि दोन त्या बाजूला. शेजारच्या दोन बॉबिनी मऊ लागल्या तर पलीकडच्या बाजूला जाऊन त्यांच्या समोरच्या दोन दाबून पाहाव्यात. त्याही मऊ असतील तर टेप किंवा जॉकी पुली दोषी. फक्त एकच मऊ असेल तर चाती, ब्रेक, गुंडाळलेले तंतू किंवा बॉबिन पाहावी. अनेकदा फिटर पलीकडे जातच नाही आणि म्हणून दिवसभर नसलेला दोष शोधत बसतो. अचूक पाहायचे तर स्ट्रोबोस्कोप, म्हणजे झपाट्याने उघडझाप करणारा दिवा, वापरावा. त्याच्या उघडझापीची गती चातीच्या वेगाशी जुळवली की योग्य वेगाने फिरणाऱ्या चात्या एकदम स्तब्ध दिसतात आणि मागे पडलेली चाती उलट्या दिशेने हळूहळू सरकताना दिसते. अंधाऱ्या बाजूला एका ओळीतून चालत गेल्यास दहा मिनिटांत संपूर्ण मशीन तपासता येते.

आपल्या बाजूने आपण एवढे करावे : ज्या कोनाचे सूत मऊ लागले त्याचा सांधा कुठे आहे ते पाहावे. एका कोनात अनेक बॉबिनींचे सूत जोडलेले असते. पट्टीची रुंदी एका बॉबिनवरील सुताच्या लांबीशी जुळत असेल, तर गिरणीला कापडाचा तुकडा आणि तो हिशेब सोबत पाठवावा. नुसत्या तक्रारीपेक्षा त्याला उत्तर देणे त्यांना भाग पडेल.

प्रश्न : टीएफओवर (टू-फॉर-वन या सूत पिळण्याच्या यंत्रावर) चातीच्या एका फेऱ्यात दोन पीळ बसतात असे सांगतात. हे होते कसे? आणि आमच्याकडे दुहेरी सुतासाठी उलट पीळ देतात, तर शिलाईच्या दोऱ्यात असे का करत नाहीत? (पीळ कारखान्याचा मालक, भिवंडी)

उत्तर : टीएफओमध्ये सुताची गुंडी, म्हणजे दोन पदर जोडलेले पॅकेज, फिरत नाही. ते एका भांड्यात ठेवलेले असते आणि ते भांडे चुंबकांनी जागेवर धरून ठेवलेले असते. सूत पॅकेजवरून वर उचलले जाते, चातीच्या पोकळ मध्यातून खाली उतरते, तळाशी असलेल्या चकतीच्या भोकातून आडवे बाहेर येते आणि पॅकेजच्या बाहेरून फुग्याच्या रूपात वर जाऊन वरच्या डोळ्यातून निघते. चाती आणि चकती फिरतात, सुताची दोन्ही टोके मात्र फिरत नाहीत.

येथे बहुतेकांना शंका येते, आणि ती योग्य आहे. दोन्ही टोके बांधलेल्या सरळ दोऱ्याचा मधला भाग पिळला तर एका बाजूला जितका पीळ एका दिशेने बसतो तितकाच दुसऱ्या बाजूला उलट दिशेने बसतो. सूत पुढे सरकले की दोन्ही परस्परांना खाऊन टाकतात. टीएफओमध्ये असे होत नाही, कारण सूत सरळ जात नाही. ते खाली उतरते आणि चकतीपाशी वळून वर जाते. दिशा उलटल्यामुळे दुसऱ्या भागातला उलट पीळ सुलट होतो. पहिला पीळ पॅकेज आणि चकती यांच्यामध्ये बसतो, दुसरा चकती आणि वरचा डोळा यांच्यामध्ये, आणि दोन्ही एकाच दिशेचे असल्यामुळे बेरजेत पडतात. रात्री कारखाना बंद असताना हाताने चकती एक फेरा फिरवून, पिळलेल्या सुताला खूण करून मोजून पाहावे. खात्री पटते.

वीज वाचते का, असे आपल्यासारख्या अनेकांनी विचारले आहे. अशा यंत्राचा खरा फायदा वेगळा आहे. रिंग डबलरवर (दोन पदर एकत्र पिळणाऱ्या रिंगच्या यंत्रावर) पीळ देण्यासाठी तयार सुताची पूर्ण बॉबिन फिरवावी लागते आणि ती लहान ठेवावी लागते. टीएफओवर किलोभर सुताचे पॅकेज स्थिर राहते, आणि बाहेर पडणारे पिळलेले सूत थेट मोठ्या गुंडीवर जाते, त्यामुळे सांधे कमी पडतात. एका पिळासाठी चाती अर्धेच फेरे घेते हे खरे असले, तरी फुगा मोठा असतो आणि हवेला घासत फिरतो. म्हणून विजेचा हिशेब करताना पीळ किती, सूत किती जाड आणि भांडे किती मोठे, हे पाहून मगच बोलावे. विक्रेत्याच्या एका आकड्यावर विसंबू नये.

आता उलट पिळाविषयी. पिळाची तिरपी रेघ इंग्रजी झेड (Z) किंवा एस (S) अक्षराच्या मधल्या रेघेशी जुळते, त्यावरून दिशेचे नाव पडते. एकेरी सूत झेड दिशेने कातले असेल तर दुहेरी करताना एस दिशेने पिळतात, कारण त्यामुळे एकेरी सुतातील ताण काही प्रमाणात सुटतो आणि जुडी कुरळी होत नाही. शिलाईच्या दोऱ्यातही उलट पीळच देतात, मात्र क्रम फिरवतात. शेवटचा पीळ झेड हवा असतो, म्हणून एकेरी सूत एस दिशेने कातून घेतात. कारण शिलाई यंत्राची सुई आणि शटल शिवताना दोऱ्याला जी हालचाल देतात ती एस पीळ उलगडते आणि झेड पीळ घट्ट करते. एस दिशेने संपणारा दोरा त्या यंत्रावर थोड्याच वेळात उसवून पदर सुटतात. आपण शिलाईच्या दोऱ्याची मागणी घेत असाल तर टीएफओच्या चातीची फिरण्याची दिशा बदलावी लागेल, आणि त्याआधी आपल्याला मिळालेले एकेरी सूत कोणत्या दिशेचे आहे ते पाहावे. झेड सुताला झेड पीळ दिला तर दोरा ताठ होईल आणि सुईतून जाताना गाठी मारील.